अप्पांच्या बाजूची काच

आमच्या गल्लीत मोटारगाडी एकट्या आमच्या दारात उभी असायची, पण ती आमची आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. गाडी माझ्या वडिलांची, अप्पांची होती आणि अप्पा प्रवाशांचे होते. पहाटेच्या रेल्वेनं पुण्या-मुंबईकडचे भाविक सोलापूर स्टेशनात उतरायचे. त्यांना अक्कलकोटला स्वामींच्या मठात न्यायचं, दर्शन-प्रसाद आटोपेपर्यंत बाहेर झाडाखाली थांबायचं आणि दुपारच्या गाडीला परत स्टेशनवर आणून सोडायचं, हा अप्पांचा धंदा. गाडी जुनी अँबॅसडर होती. तिचा रंग मूळचा पांढरा होता असं अप्पा सांगायचे आणि आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवायचो. गल्लीतल्या मुली मला म्हणायच्या, "तुझी मज्जा हाय की गं नंदा, मोटारीतनं फिरतीस." मी मान ताठ करून "मग?" म्हणायचे. खरं तर मला गाडीत बसायला मिळायचं ते शाळेच्या कोपऱ्यापर्यंत, तेही सकाळची शाळा अप्पांच्या वाटेवर होती म्हणून. आणि अव्वा, म्हणजे माझी आई, ती तर त्या गाडीत कधी बसलेलीच नव्हती. लग्नाला जायचं असो की माहेरी, ती आपली एस.टी.च्या फाट्यावर जाऊन उभी राहायची. "ती पोटाची गाडी हाय, मिरवायची न्हाय," असं तिचं म्हणणं होतं आणि त्यावर अपील नव्हतं.

आमचं घर मागवाल्यांच्या वस्तीत होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यापुढं एक कडुलिंब आणि त्याच्या सावलीत गाडी. दोन्ही बाजूंना तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची घरं. त्यांचे माग दिवसभर खडखडत असायचे. बाहेरून आलेले पाहुणे कानावर हात ठेवायचे, आणि आम्ही मात्र माग थांबले की दचकून बाहेर येऊन बघायचो, काय झालं म्हणून. सकाळी कापडगिरणीचा भोंगा झाला की गल्ली उठायची, पण अव्वा भोंग्याच्या आधी उठलेली असायची. अंघोळ करून, ओल्या केसांची गाठ मारून ती तळहातावर गळ्यातलं लिंग घेऊन पूजेला बसायची. ती अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली, माहेर अर्धं कानडी. देवाशी आणि रागात ती कानडी बोलायची, उरलेल्या संसाराला मराठी पुरत होती. पूजा झाली की चुलीवर तवा चढायचा. आदल्या दिवशीच्या कडक भाकऱ्या अप्पांसाठी वेगळ्या फडक्यात बांधलेल्या असत, त्यावर शेंगाची चटणी, तेलाची एक वेगळी लहान बाटली आणि कधी मूठभर हिरव्या मेथीची पानं. कडक भाकरी मोडण्याचा तो कटकन आवाज मला अजून भूक लावतो. आता जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीत आमच्या फ्लॅटखालच्या दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत कडक भाकऱ्या मिळतात. मोडतात त्याही, पण तोंडात गेल्यावर पुठ्ठ्यासारख्या लागतात.

अव्वा विभूती घरी करायची. बाजारात विभूतीच्या गट्ट्या मिळत होत्या, पण "त्यात काय बी घालत्यात," असा तिचा शेरा. गल्लीत फिरणाऱ्या गाईंचं शेण गोळा करून ती शेण्या थापायची, त्या परसात जाळायची, पांढरी राख अप्पांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळायची आणि दुधात मळून तिच्या गोळ्या वाळवायची. शेजारपाजारच्या बायकाही तिच्याकडून विभूती न्यायच्या, आणि न्यायला आलेल्या बाईपुढं अव्वाच्या आवाजात जरा मालकिणीचा तोरा यायचा. पूजेत स्वतःच्या कपाळाला लावून झालं की तीच ओली तीन बोटं घेऊन ती बाहेर यायची. अप्पा गाडीत बसलेले असायचे. त्यांच्या समोर, बरोबर त्यांच्या कपाळाच्या उंचीवर, ती बाहेरून काचेवर तीन आडवे पट्टे ओढायची. मग एक पाऊल मागं सरून म्हणायची, "हं, निगा."

पट्टे काचेवर का आणि कपाळावर का नाहीत, याचं कारण घरात कुणी उच्चारत नसे, पण मला ते ठाऊक होतं. मी लहान असताना अप्पा ट्रक चालवायचे. एकदा तो ट्रक घाटात उलटला. अप्पा कितीतरी दिवस दवाखान्यात पडून होते आणि परत आले तेव्हा त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्यांचे जोडीदार मल्लूकाका मात्र परत आलेच नाहीत. मल्लूकाका रोज कपाळभर भस्म लावून ट्रकवर चढायचे. त्यानंतर अप्पांनी कपाळ कोरं ठेवलं ते ठेवलंच. देवाबद्दल ते कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. फक्त अव्वाची बोटं जवळ आली की मान बाजूला करायचे. अव्वाच्या मनानं मात्र दुसरीच गोष्ट धरलेली. त्या सकाळी तिची पूजा व्हायच्या आत अप्पा निघून गेले होते. एवढंच. तेव्हापासून ते गाडी घेऊन बाहेर पडले की तिचा जीव टांगणीला लागायचा. कपाळ मिळत नाही म्हटल्यावर तिनं कपाळासमोरची काच धरली, आणि काचेवर पट्टे ओढले की तिला दिवसभर हातपाय हलवता यायचे. त्या तीन पट्ट्यांवर आमच्या घराचा स्वयंपाक, धुणं, हसणं, सगळं चालायचं असं म्हटलं तरी चालेल.

आता यातली माझी आणि अप्पांची गोष्ट. गल्ली संपली की पिठाच्या गिरणीपाशी एक वळण होतं. ते वळण घेतलं की अप्पा आरशात एकदा मागं बघायचे आणि वायपरचं बटण ओढायचे. वाळलेली विभूती, कोरडी काच, त्यावर कोरडं रबर. खर्र-खर्र करत वायपर दोनचार फेऱ्या मारायचा, पांढरी धूळ उडायची आणि रस्ता दिसायला लागायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं, "अप्पा, तुमी अव्वाची विभूती पुसला?"

"मी कुटं पुसलो?" अप्पा समोर बघत म्हणाले. "वायपरनं पुसलं."

"फडक्यानं पुसायचं की मग."

"देवाचं हाय गं ते. मानसानं हातानं पुसू नये."

मला हे उत्तर तेव्हा पूर्ण पटलं. आता विचार करते तेव्हा हसू येतं. देवावर रागावलेला तो माणूस बायकोची विभूती हातानं पुसायला धजत नव्हता, आणि ती पुसल्याशिवाय रस्ता दिसत नव्हता. म्हणून त्यानं ते पाप यंत्राच्या गळ्यात घातलं. गाडीत काचेवर पाणी उडवायची सोय नव्हती, आणि बाटलीनं पाणी ओतायचं तर खाली उतरावं लागलं असतं, म्हणजे मुद्दाम पुसल्यासारखं झालं असतं. माझ्याकडून त्यांनी वचनबिचन काही घेतलं नाही. गिरणीच्या वळणापलीकडचं घरात बोलायचं नाही, हे मला आपोआप कळलं होतं.

हे असं कितीतरी दिवस चाललं. मग एका रविवारी मला शाळा नव्हती आणि मामाकडं एक निरोप पोचवायचा होता, म्हणून अव्वानं मला गाडीत पुढं बसवून अक्कलकोटला धाडलं. मागं पुण्याचं एक कुटुंब होतं. रानात ज्वारीची काढणी झालेली, हवेत कडब्याचा वास. आमचा तो रस्ता सकाळी सूर्याच्या तोंडावर जातो आणि परतायला संध्याकाळ झाली तर येतानाही सूर्यच समोर असतो, हे अप्पांचं कायमचं गाऱ्हाणं. वाटेतलं वळसंग गाव जवळ आलं आणि सूर्य शेताच्या वर हातभर आला. बघता बघता अप्पांच्या बाजूची सगळी काच पेटल्यासारखी झाली. माझ्या बाजूनं मला रस्ता लख्ख दिसत होता. कडेची बाभळ दिसत होती, आणि पुढं कडब्यानं लादलेली एक बैलगाडी, रस्त्याच्या मधोमध, हळूहळू चाललेली. मी मनात म्हटलं, आता अप्पा हॉर्न वाजवतील. अप्पा वाजवेनात. गाडीचा वेगही कमी होईना.

"अप्पा, कडब्याची गाडी हाय की पुढं."

"कुटं?"

तो "कुटं" मी जन्मात विसरणार नाही. अप्पांनी ब्रेकवर उभं राहावं तसा ब्रेक दाबला. आमची गाडी तिरकी होऊन थांबली आणि कडब्याची धाटं बॉनेटवर घासली. बैलगाडीवाल्यानं मागं वळून सावकाश बघितलं आणि तो तसाच पुढं गेला. मागच्या बाईंच्या मांडीवरचा नारळ घरंगळत माझ्या सीटखाली आला होता. त्यांचे यजमान चिडून म्हणाले, "अहो ड्रायव्हर, झोपलात का?"

"ब्रेक बघत होतो साहेब," अप्पा म्हणाले. "चांगले आहेत."

मग ते खाली उतरले. काचेसमोर उभे राहून त्यांनी बोट फिरवलं, सूर्याकडं पाठ केली, सूर्याकडं तोंड केलं. मीही उतरले. उन्हात ती काच तेव्हा पहिल्यांदा नीट बघितली. माझ्या बाजूला किरकोळ धूळ. अप्पांच्या बाजूला मात्र वायपरच्या फेऱ्यांनी बारीक बारीक चऱ्यांचे तीन रुंद गोल पट्टे उठले होते, एकाखाली एक, बरोबर त्यांच्या डोळ्यांपुढं. एरवी दिसायचे नाहीत. सूर्य समोर आला की सगळ्या चऱ्या एकदम उजळायच्या आणि मागचं काही दिसायचं नाही. चाळलेल्या राखेत सोलापूरची माती होती, ती रोज कोरड्या रबराखाली काचेवर घासली जात होती. अप्पा माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "अव्वाला सांगू नगंस." त्यांचा आवाज ब्रेकच्या वेळी कापला नव्हता, तो आता कापला.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा ऊन वर आल्यावर निघायला लागले. अव्वानं विचारलं तर म्हणायचे, इंजिन गार असतंय, जरा उशिरा बरं पडतंय. पहाटेचे प्रवासी दुसऱ्या टॅक्सीवाल्यांनी नेलेले असायचे. अप्पा स्टेशनबाहेर नुसते उभे राहून दुपारी परत यायचे. शेंगाच्या चटणीत शेंगा कमी आणि लसूण-तिखट जास्त व्हायला लागलं. पट्टे ओढताना अव्वाची बोटं काचेवर जास्त दाबून फिरायची. तिला वाटत होतं धंद्यावर नजर लागली. आणि अप्पा तिच्या समोर बसून ते बघत होते. तिला सांगावं तर ती पट्टे ओढायचं थांबवील, आणि थांबवलं की घर पुन्हा त्या घाटातल्या दिवसांत जाईल. न सांगावं तर काच रोज आणखी आंधळी होत होती.

नवी काच मुंबईहून मागवावी लागली असती, आणि ती आमच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. काचेवर चरे आलेत एवढी बातमी मात्र गल्लीत पसरली, आणि मग उपायांना तोटा राहिला नाही. कुणी चिंच सांगितली, कुणी रॉकेल आणि वर्तमानपत्र, एका आजोबांनी दंतमंजन आणून दिलं. आम्ही ते चोळूनही बघितलं. काच पुदिन्यासारखा वास मारायला लागली, चरे होते तिथंच. शेवटी अप्पा त्यांच्या मित्राला, बाशाचाचांना घेऊन आले. बाशाचाचा चष्म्याच्या काचा घासायचे. त्यांनी चऱ्यांवरून अंगठ्याचं नख आडवं फिरवलं.

"नख अटकता तो खोल है, कुछ नै कर सकते," ते म्हणाले. "ये नै अटकता. निकलेंगे. मगर सबर होना."

त्यांनी कागदाच्या पुडीतून तांबडी, मऊ पावडर आणली, तिच्यानं ते चष्म्याच्या काचांना चमक आणायचे. ती पाण्यात कालवून नमद्यानं, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडानं, लहान गोलात घासायची. काच कोरडी पडू द्यायची नाही, तापू द्यायची नाही, आणि एकाच जागी घासत बसायचं नाही. "नै तो वहाँ खड्डा पडता, फिर रस्ता टेढा दिखता," चाचांनी बजावलं. नमदा कुठून आणायचा असा प्रश्न पडला तेव्हा अव्वा आत गेली आणि ट्रंकेतून अप्पांची लग्नातली काळी, नमद्याची टोपी घेऊन आली. अप्पा नको नको म्हणेपर्यंत तिनं विळीवर टोपीचे चार तुकडे केलेसुद्धा. "डोस्क्यावर घालत न्हाईतच की तुमी," ती म्हणाली, "हितं तर उपेगाला येऊ दे."

काम सकाळच्या गारव्यात कडुलिंबाखाली चालायचं. अप्पांचा डावा हात वर जात नसल्यानं ते आणि बाशाचाचा आळीपाळीनं घासायचे. मी तांब्यानं पाणी घालायचे. तांबडा चिखल काचेवरून ओघळून अप्पांच्या कोपरापर्यंत यायचा. चरे फिके होत गेले तसे ते बाहेरून सापडेनासे झाले. आतून, ड्रायव्हरच्या जागी बसून बघितलं तरच ते दिसत. मला आत बसवून बघितलं, पण माझे डोळे त्या उंचीला पोचत नव्हते. अव्वा उंच होती, जवळजवळ अप्पांइतकी.

"भाभी, तुम बैठो अंदर," चाचा म्हणाले. "जहाँ दिखता वहाँ खडूका निशान करो."

"तिला काम हाय," अप्पा घाईनं म्हणाले. "मीच बसतो, तू घास."

"काय काम हाय मला?" अव्वानं पदराला हात पुसले. "आमटी शिजलालीय. बसते की."

चाचांना काहीच माहीत नव्हतं. मी अप्पांकडं बघितलं, अप्पांनी माझ्याकडं. अव्वानं दार उघडलं, पाय आत घ्यायचा की आधी बसायचं याचा थोडा गोंधळ झाला, आणि मग ती आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत बसली, तीही थेट अप्पांच्या जागी. स्टेअरिंगला धक्का लागू नये म्हणून तिनं हात पोटाशी धरले होते. फांद्यांतून उन्हाची एक तिरीप तिच्या तोंडावर आली. तिनं डोळे बारीक केले, खडू उचलला आणि पहिली खूण केली. मग दुसरी. तिसऱ्या खुणेला तिचा हात थांबला. तिनं डोकं जरा मागं नेलं आणि सगळी काच एकदम बघितली. मग खडू मांडीवर ठेवला, आणि उजव्या हाताची तीन बोटं, रोज पूजेनंतर धरायची तशीच, आतून काचेवर टेकवली. ती बोटं बरोबर त्या तीन पट्ट्यांच्या तोंडाशी बसली. तिथून पट्टे वायपरच्या वाटेनं वाकत गेले होते.

बाहेरून अप्पा घासत होते. काचेपलीकडं तिची बोटं दिसली तसा त्यांचा हात थांबला. दोघांच्या तोंडांमध्ये हातभर अंतर आणि मध्ये ती तांबडी ओघळलेली काच. मागवाल्यांचे माग खडखडत होते, बाशाचाचा विडी पेटवायला बाजूला गेले होते. मला वाटलं, आता अव्वा उतरून घरात जाईल. ती उतरली नाही. तिनं बोटं काढून घेतली, खडू पुन्हा उचलला आणि मला म्हणाली, "पानी घाल की गं, वाळलालंय." आणि शेवटचा चरा निघेपर्यंत ती खुणा करत राहिली. एक चरा राहून गेलेला तिला चालला नाही. अप्पांना तो दिसत नव्हता, तिनं बोटानं ठोकून ठोकून दाखवला.

माझा मुलगा हल्ली गाडीच्या काचेसाठी कसलीशी ट्यूब मागवतो आणि सुट्टीच्या दिवशी खाली पार्किंगमध्ये घासत बसतो. सूनबाई आत मोबाइल बघत बसलेली असते. तो विचारतो, "दिसतंय का गं अजून?" आणि ती मान वर न करता "नाही" म्हणते. मी वरून गॅलरीतून बघते आणि मला त्या दोघांना काहीतरी सांगावंसं वाटतं, पण काय सांगायचं ते जमत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

त्या दिवशी दुपारी बाशाचाचा जेवून गेले. अव्वानं त्यांना आग्रह करून वाढलं, हसून बोलली. ते गेल्यावर ती पिठाची परात घेऊन बसली आणि भाकरी थापायला लागली. नेहमीपेक्षा जोरात थापत होती, मागांच्या आवाजावर मात करील इतक्या जोरात. अप्पा उंबऱ्यात बसले होते. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून एकच ओळ वाचत होते.

"किती दिस?" अव्वानं परातीकडं बघतच विचारलं.

अप्पा उंबऱ्यावरची माती नखानं खरवडायला लागले.

"म्हंजे रोजच."

"रस्ता दिसत न्हवता गं."

"म्हनायचं की मग. तोंड न्हवतं व्हय? एकडाव म्हनला असता, हितं लावू नगं, दिसत न्हाय, तर मी काय जबरदस्ती केली असती?"

"न्हाय," अप्पा म्हणाले. "जबरदस्ती न्हाय. तू नुसती दिवसभर दारात बसली असतीस. दवाखान्यातनं आल्यावर बसत व्हतीस तसं."

भाकरी तव्यावर टाकायची राहिली. अव्वाचे हात पिठात तसेच राहिले. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "माझ्याच हातानं की हो," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांवर माझ्याच हातानं." आणि मग कानडीत देवाला काहीतरी म्हणाली, ते मला समजलं पण लिहिणार नाही. अप्पा उठले, तिच्यापाशी गेले, आणि काय करावं ते न सुचून त्यांनी ती थापलेली भाकरी उचलून तव्यावर टाकली. वेडीवाकडी पडली. अव्वा म्हणाली, "साकु, बास. सरा तिकडं," आणि तिनंच ती सारखी केली. त्या दिवशी दोघांमध्ये तेवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी अप्पा पुन्हा भोंग्याबरोबर निघाले. काच अशी झाली होती की आहे की नाही तेच कळू नये. मी दप्तर घेऊन पुढं बसले. अव्वाची पूजा झालेली, कपाळावर ओले पट्टे. ती ओट्यावर आली, पण तिथंच थांबली, दोन्ही हात पदराखाली. अप्पांनी इंजिन चालू केलं. ती हलली नाही. "निगा"ही म्हणाली नाही. गल्लीच्या नळावर बायका रांगेत उभ्या होत्या, घागरी भरत होत्या. अप्पा स्टेअरिंग धरून समोरच्या काचेतून बघत राहिले. समोर गल्ली होती, स्वच्छ, शेवटच्या घरापर्यंत. मला वाटलं, आता गिअर पडेल.

अप्पांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले आणि ओट्यापाशी गेले.

"लाव की," ते म्हणाले.

"नगं. काच चांगली झालीय."

"काचेला कोन म्हनालंय?" त्यांनी मान खाली केली. ओटा उंच होता, त्यामुळं त्यांचं कपाळ तिच्या हाताला सहज येत होतं. "हितं लाव. हितं आड येत न्हाय."

अव्वा एकदम गोरीमोरी झाली. त्या काळात आमच्यात नवराबायको चारचौघांत शेजारी उभेसुद्धा राहत नसत. नळावरचा घागरींचा आवाज थांबला होता. "बाया बघलाल्यात," ती पुटपुटली.

"बघू देत."

"तुमचा इश्वास न्हाय की."

"न्हाय," अप्पा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. "तुझा हाय की. तेवढा बास हाय दोगांला."

ती आत गेली आणि विभूती भिजवून आली. पहिला पट्टा तिरका गेला. तिनं तो पदरानं पुसला आणि पुन्हा ओढला. मग दुसरा, मग तिसरा. अप्पा तसेच वाकून उभे होते, शाळेत बक्षीस घ्यायला उभं राहावं तसे. मल्लूकाका गेल्यापासून त्या कपाळाला कुणी हात लावलेला मी बघितला नव्हता. अप्पा गाडीत येऊन बसले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, आणि शाळा येईपर्यंत आम्ही दोघंही बाहेर बघत होतो.

दुपारी शाळेतून आले तर अव्वा दारात बसलेली. पुढ्यातल्या सुपात तुरीची डाळ, केव्हाच निवडून झालेली. मी जेवायला मागितलं तर म्हणाली, "अप्पा येऊ दे." मला तिच्याजवळ बसवेना आणि आतही जाववेना. नळावरच्या बायका जाता-येता हसून काही विचारायच्या. ती नुसती गल्लीच्या तोंडाकडं बघत होती. ऊन ओट्यावरून पार कडेला गेलं तेव्हा गाडी आली.

अप्पा उतरले आणि चपला काढायच्या आधी सरळ तिच्यासमोर येऊन उभे राहिले. अक्कलकोटच्या उन्हानं पट्टे घामात उतरले होते, एक भुवईपर्यंत ओघळला होता. "तितं एक म्हातारी माझ्या पाया पडली," ते कुरकुरले. "मी म्हनलो, मी ड्रायव्हर हाय बाई." मग खाली वाकून त्यांनी कपाळ तिच्यापुढं धरलं. "बघ. हाय का न्हाय?"

अव्वानं मान वर केली. त्यांच्या तोंडाकडं तिला इतका वेळ, इतकं सरळ बघताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"हाय," ती म्हणाली. आणि सूप बाजूला सारून पानं वाढायला उठली.